पोकर स्पर्धेतून भिडू मध्येच निघाला, तर त्याच्या चिप्सचं काय करायचं?

घरच्या पोकर स्पर्धेत हा प्रसंग आज ना उद्या येतोच. रात्रीचे नऊ वाजलेत, सोळांपैकी नऊ जण उरलेत, आणि एक जण बाल्कनीत फोनवर बोलून परत येतो. उभ्या उभ्याच म्हणतो, "मला निघावं लागेल रे. बाळाला ताप चढलाय." त्याच्या जागेवर नऊ हजारांच्या चिप्स (खेळात लावायच्या चकत्या) नीट रचून ठेवलेल्या आहेत. एक जण म्हणतो, "दे इकडे, मी खेळतो तुझ्या वतीनं." दुसरा म्हणतो, "सगळ्यांत सारख्या वाटून टाका." तिसरा म्हणतो, "राहू देत तिथंच." वाईट हेतू कुणाचाच नसतो, पण पाच मिनिटांत आवाज चढतात, आणि ज्याच्या घरी तापाचं मूल आहे तो दारात चपला घालून ताटकळत राहतो.

आम्ही डोंबिवलीत काही वर्षं अशी स्पर्धा भरवतो. दोन टेबलं, सोळा माणसं, महिन्यातून एक शनिवार. पैसे लावत नाही. वर्षभराचे गुण मोजून कोजागिरीच्या रात्री फिरता चषक देतो. पैसे न लावण्याबद्दल नव्यानं स्पर्धा भरवणाऱ्यांना आग्रहानं सांगतो. महाराष्ट्रात जुगाराविरुद्ध १८८७ सालापासूनचा कायदा आहे, आणि पैसे लावून घेतले जाणारे ऑनलाइन खेळ २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंद केले आहेत. चषकासाठी आणि गुणांसाठी खेळलेला पोकरसुद्धा तितकाच रंगतो. त्यामुळे पुढे जे लिहिलंय ते घरच्या, बिनपैशांच्या स्पर्धेसाठी. कॅसिनोत काय होतं ते जिथं उपयोगी आहे तिथं सांगेन.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या

पोकर दोन तऱ्हेनं खेळतात. एका प्रकारात समोरच्या चिप्स म्हणजे तुमचे पैसे असतात. तुम्ही कधीही उठता, चिप्स मोडता आणि घरी जाता. स्पर्धेत तसं नसतं. सुरुवातीला मिळालेल्या १०,००० च्या चिप्सना कुठलीच किंमत नसते. खेळात टिकून राहण्याचा तुमचा हक्क त्या दाखवतात, इतकंच. म्हणून त्या भिडूच्या मालकीच्या नसतात, स्पर्धेच्या असतात. तो त्या कुणाला देऊ शकत नाही, विकू शकत नाही, वाटू शकत नाही, आणि खिशात घालून नेऊही शकत नाही.

एवढं मान्य झालं की वर सुचवलेल्या तीनपैकी दोन गोष्टी आपोआप गळतात. उरते ती तिसरी, "राहू देत तिथंच". पण तीही कशी राबवायची ते ठाऊक नसेल तर घोळ होतो.

पायरी १: पहिलं पान वाटण्याआधी

सगळे जमले, चहा झाला की दोन मिनिटं मागून घ्या. आधी विचारा, "आज कुणाला लवकर निघायचंय?" कुणाची रात्रपाळी असते, कुणाची शेवटची लोकल. नावं आणि वेळा कागदावर लिहा. लवकर जाणार म्हणून कुणाला खेळायला नाही म्हणू नका. निघाल्यावर काय होईल ते मात्र तेव्हाच सांगा. (नव्यांसाठी: दर डावाला पानं बघण्याआधी शेजारच्या दोघांना पाळीपाळीनं ठरलेल्या चिप्स लावाव्याच लागतात, त्या म्हणजे ब्लाइंड. लहान तो स्मॉल ब्लाइंड, मोठा तो बिग ब्लाइंड.) मी साधारण असं सांगतो:

"मध्येच कुणाला जावं लागलं तर त्याच्या चिप्स जागेवरच राहतील. त्यातून त्याचे ब्लाइंड कापले जातील. त्याच्या वतीनं कुणी खेळणार नाही. चिप्स संपतील तेव्हा तो बाद. शेवटचे तिघं उरले आणि त्यात गैरहजर भिडू असला, तर त्याला तिसरं स्थान देऊन त्याचा ढीग बाजूला काढला जाईल. कुणाची हरकत आहे?"

हरकत असेल तर ती याच वेळी ऐकून घ्या. रात्री नऊ वाजता, कुणासमोर किती चिप्स आहेत ते दिसत असताना केलेला नियम कुणाच्या तरी फायद्याचा असणारच, आणि तो ज्याच्या तोट्याचा आहे त्याला तो जाणवणारच.

याच वेळी स्पर्धा किती वाजेपर्यंत चालेल याचाही अंदाज बांधा. लवकर जाणाऱ्यांचा निम्मा प्रश्न तिथंच सुटतो. सगळ्या चिप्सची बेरीज करा आणि तिला २० नं भागा. बिग ब्लाइंड त्या आकड्याच्या आसपास पोचला की स्पर्धा बहुधा संपते. सोळा जण, प्रत्येकी १०,०००, म्हणजे एकूण १,६०,०००. भागिले २० म्हणजे ८,०००. आमच्याकडे ब्लाइंड २५/५० पासून (स्मॉल २५, बिग ५०) सुरू होतात, ठरावीक वेळानं वाढतात, त्या प्रत्येक टप्प्याला पातळी म्हणतात, आणि ४,०००/८,००० ही सोळावी पातळी. पातळी २० मिनिटांची ठेवली तर पाच तास वीस मिनिटं लागतात, १५ मिनिटांची ठेवली तर चार तास. संध्याकाळी सातला बसून शेवटची लोकल गाठायची असेल, तर कुठली निवडायची हे उघड आहे.

पायरी २: तो उठतो त्या क्षणी

चालू डाव पूर्ण होऊ द्या. हातात पानं असताना उठून जायचं नाही, हा नियम जगभर पाळला जातो. अगदीच थांबता येत नसेल तर त्यानं पानं टाकून द्यावीत. तो ऑल-इन असेल, म्हणजे सगळ्या चिप्स लावून बसला असेल, आणि पुढं काही ठरवायचंच उरलं नसेल, तर पानं उघडी ठेवून जायला घरी हरकत नाही. ती पानं आपापली बोलतील.

मग आयोजकानं, म्हणजे तुम्ही, त्याच्या चिप्स शेजारच्या एका भिडूच्या साक्षीनं मोजायच्या. आकडा, वेळ आणि ब्लाइंडची पातळी कागदावर लिहायची. नंतर "त्याच्याकडे जास्त होत्या" अशी शंका निघाली की हा कागद कामी येतो.

एक प्रश्न विचारायचा: "परत येणार आहेस, की आजचं झालं?" याचं उत्तर त्याला नीट देता आलं नाही तरी चालेल. दोन्ही वेळा आपण तेच करणार आहोत.

तब्येतीचं कारण असेल तर मात्र आधी घड्याळ थांबवा. आमच्याकडे एकदा एका काकांना छातीत अस्वस्थ वाटायला लागलं. आम्ही दोन्ही टेबलं थांबवली, दोघं त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. काका दुसऱ्या दिवशी ठणठणीत घरी आले. त्या रात्रीच्या स्पर्धेचा निकाल आम्ही लावलाच नाही, आणि तसं करणं योग्यच होतं असं मला आजही वाटतं.

पायरी ३: रिकाम्या खुर्चीचा खेळ चालवणं

नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो, म्हणून सावकाश सांगतो.

गैरहजर भिडूला पानं वाटायचीच. त्याची खुर्ची वगळून वाटप करू नका. पानं वाटून झाली, शेवटचं पान पडलं, की त्याची दोन पानं न बघता टाकलेल्या पानांच्या ढिगात सरकवायची. स्पर्धांचे नियम एकसारखे करण्यासाठी स्पर्धा-संचालकांची एक संघटना २००१ साली अमेरिकेत उभी राहिली. तिच्या नियमांतही असंच आहे: सुरुवातीच्या वाटपातलं शेवटचं पान पडताना भिडू जागेवर हवा, नसेल तर त्याचा डाव मेलेला धरायचा. म्हणजे तो परत आला आणि दारातून "थांबा, थांबा" म्हणाला, तरी त्या डावात त्याला भाग नाही. पुढच्या डावापासून बसावं.

त्याच्यावर स्मॉल ब्लाइंड किंवा बिग ब्लाइंड आला की त्याच्या ढिगातून तेवढ्या चिप्स पुढं करायच्या. हे काम एकाच माणसाला नेमून द्या, शक्यतो आयोजकाला. जो हाताशी बसलाय त्यानं चिप्स उचलायच्या असं ठेवलं की मोजणी चुकते. बटण (पानं वाटायची पाळी कुणाची ते दाखवणारी, दर डावाला पुढं सरकणारी चकती) त्याच्यापुढं आलं तर त्याच्या डावीकडचा भिडू पत्ते पिसून वाटेल. लहान चिप्स बदलून मोठ्या देण्याची वेळ आली की त्याच्याही बदलायच्या.

बिग ब्लाइंड त्याचा आहे आणि बाकी सगळ्यांनी पानं टाकली तर? त्याचा डाव मेलेला असल्यानं पॉट, म्हणजे त्या डावात लावलेल्या सगळ्या चिप्स, त्याला मिळत नाही. शेवटचा जिवंत डाव ज्याचा, त्याचा पॉट. बहुधा तो स्मॉल ब्लाइंडवाला असतो. आणि त्याच्याकडं ब्लाइंडपुरत्याही चिप्स उरल्या नसतील, तर उरल्यासुरल्या सगळ्या पुढं करायच्या. त्याला ऑल-इन धरून पानं जिवंत ठेवायची नाहीत. मेलेला डाव मेलेलाच.

यात एक अन्याय दडलेला आहे, तो ओळखून ठेवा. गैरहजर भिडूचा बिग ब्लाइंड असतो तेव्हा त्याच्या उजव्या हाताला बसलेला माणूस स्मॉल ब्लाइंडवर असतो. त्याच्यापुढे बचाव करणारं कुणीच नसतं. सगळ्यांनी पानं टाकली की ते ब्लाइंड फुकट त्याचे. दर फेरीला त्या एकट्यालाच ही सवलत मिळते. यावर माझा उपाय साधा आहे: दोन टेबलांचं एक टेबल होतं तेव्हा सगळ्यांच्या जागा नव्यानं चिठ्ठ्या काढून ठरवायच्या, आणि रिकाम्या खुर्चीचीही चिठ्ठी त्यात टाकायची. शेजार नशिबानं मिळाला की कुणी तक्रार करत नाही. त्याआधी टेबलं समान करण्यासाठी माणसं हलवावी लागली, तरी गैरहजर भिडू माणूस म्हणूनच मोजायचा, आणि पाळी आली तर त्याचा ढीगही हलवायचा.

हा ढीग किती वेळ टिकतो?

पुष्कळांना वाटतं, माणूस गेला म्हणजे अर्ध्या तासात संपेल. हिशोब करून बघा. नऊ हजारांच्या चिप्स, ब्लाइंड २००/४००, टेबलावर नऊ जण. घरच्या खेळात एका डावाला सरासरी दोन मिनिटं धरा. नऊ डावांची एक फेरी १८ मिनिटांत होते, म्हणजे २० मिनिटांच्या पातळीत साधारण एक फेरी. एका फेरीत त्याला एक स्मॉल आणि एक बिग ब्लाइंड पडतो: ६००. पुढच्या पातळीला ३००/६००, म्हणजे ९००. मग १,२००, १,५००, १,८००, २,४००. सहा पातळ्यांत गेले ८,४००. त्याच्याकडे अजूनही ६०० शिल्लक आहेत आणि दोन तास उलटून गेलेत.

प्रत्यक्षात माणसं बाद होतात, फेरी लहान होते, त्यामुळे ढीग याहून लवकर झिजतो. तरी दीड तास सहज जातो. तेवढ्या वेळात टेबलावर हजर असलेले चार-पाच जण बाद झालेले असतात. म्हणजे घरी बाळाच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसलेला माणूस पाचवा किंवा चौथा येऊ शकतो. पहिल्यांदा हे बघताना काहींना राग येतो. "तो नसताना माझ्या पुढं कसा?" त्यांना सांगायचं की त्या चिप्स त्यानं हजर असताना, खेळून मिळवल्या होत्या.

दुसरा मार्ग: ढीग काढून घेणं

काही मंडळांत भिडू गेला की त्याच्या चिप्स सरळ खेळातून काढून टाकतात आणि तो त्याच क्षणी बाद धरतात. नऊ जण उरले असतील तर तो नववा. सोपं आहे, पटकन होतं, रिकाम्या खुर्चीला पानं वाटावी लागत नाहीत. ढीग लहान असेल तर फरकही फारसा पडत नाही. १,६०,००० मधून ९,००० गेले, आठ जणांत १,५१,००० उरले, सरासरी १८,८७५.

पण निघणारा माणूस आघाडीवर असेल तर? समजा त्याच्यापुढे ४०,००० आहेत आणि ब्लाइंड ५००/१,०००. आधीची सरासरी १७,७७७, म्हणजे जवळजवळ अठरा बिग ब्लाइंड. ४०,००० काढून घेतले की आठ जणांत १,२०,००० उरतात, सरासरी १५,०००, म्हणजे पंधराच बिग ब्लाइंड. एका झटक्यात सगळ्यांचा खेळ तंग झाला. शिवाय ज्यांनी त्याच्याकडं चिप्स गमावल्या होत्या, त्यांना त्या परत जिंकायची संधीच राहिली नाही. ब्लाइंड कापत गेल्यास त्याच चिप्स हळूहळू टेबलावर परत येतात. म्हणून माझा कौल ब्लाइंड कापण्याच्या बाजूनं आहे, आणि ढीग काढून घेणं फक्त शेवटच्या तिघांपुरतं. तिथं रिकामी खुर्ची ठेवली तर उरलेले दोघं एकमेकांशी खेळण्याऐवजी तिच्या ब्लाइंडवरच टपून बसतात, आणि ज्या लढतीसाठी सगळी संध्याकाळ घालवली तीच फिकी पडते.

ढीग काढल्यावर बटण कसं सरकवायचं, हा प्रश्न लगेच येतो. कुणाचाही बिग ब्लाइंड चुकता कामा नये आणि कुणाला तो लागोपाठ दोनदा पडता कामा नये, एवढं धरून चाला. बिग ब्लाइंड नेहमी पुढच्या हजर माणसाकडे जातो. स्मॉल ब्लाइंड आणि बटण त्याच्या मागोमाग येतात. त्यांच्या वाटेत रिकामी खुर्ची आली तर त्या डावाला स्मॉल ब्लाइंड नसतो, किंवा बटण रिकाम्या खुर्चीपुढं थांबतं. एक-दोन डावांत सगळं मार्गी लागतं. दोघंच उरले की बटणवाल्याचा स्मॉल ब्लाइंड.

काय होऊ द्यायचं नाही

बदली भिडू बसवायचा नाही. "माझा भाऊ खेळेल" हे ऐकायला निरुपद्रवी वाटतं, पण समोरच्यांनी दोन तास ज्याचा स्वभाव वाचला तो माणूस अचानक बदलतो. भाऊ जास्त चांगला खेळणारा असेल तर प्रश्न आणखी वाढतो.

जाता जाता पानं न बघता ऑल-इन जाणं हे मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलंय. निघणाऱ्याला वाटतं, आपण सगळ्यांची अडचण दूर करतोय. खरं तर त्याच्या चिप्स त्या डावात ज्याला बरी पानं आली त्याच्या पदरात पडतात, आणि बाकीच्यांचं नुकसान होतं. तो मुद्दाम जवळच्या मित्राला चिप्स देतोय असा संशय आला तर त्या शनिवारची चव जातेच, पुढच्या शनिवारीही दोघं एकमेकांकडे सरळ बघत नाहीत. म्हणून सुरुवातीलाच सांगा: निघायचं ठरलं की चिप्स जागेवर ठेवून निघायचं. "अरे, तू नीघ, तुझं आम्ही बघतो" एवढं म्हणालात की त्याच्याही मनावरचं ओझं उतरतं.

गोव्यात खेळायला गेलात तर

पणजीत मांडवीवरच्या कॅसिनोंत स्पर्धा होतात. तिथं हा निर्णय तुमचा नसतो, संचालकाचा असतो. निघावं लागलं तर टेबलावर जाहीर करून भागत नाही, त्याला गाठून सांगा. ढीग जागेवर राहतो आणि ब्लाइंड कापले जातात, ही जगभरची रीत आहे. एकाहून जास्त दिवसांच्या स्पर्धेत दिवसाच्या शेवटी चिप्स मोजून नावाच्या पिशवीत बंद करतात. दुसऱ्या दिवशी माणूस आला नाही तरी पिशवी उघडून चिप्स त्याच्या जागेवर मांडल्या जातात. प्रवेश घेण्याआधी नियमांचा कागद मागून वाचा. परतीची गाडी किंवा विमान स्पर्धेच्या वेळेला चिकटून घेऊ नका.

आणि सगळ्यांनाच निघायचं असेल तर

हा प्रसंग पुस्तकी नियमांत सापडत नाही, आमच्याकडे मात्र पावसाळ्यात हमखास येतो. पाच जण उरलेत, बाहेर धो-धो, गाड्या उशिरानं धावतायत, आणि पाचांपैकी चौघांना कल्याणच्या पुढं जायचंय.

अशा वेळी अर्धा तास आधी सांगून टाका की अमुक वाजता थांबायचं, आणि पातळ्या दहा मिनिटांच्या करा. वेळ झाली की मध्येच डाव तोडू नका. घोषणा करा: "आता एक पूर्ण फेरी. पाच जण, पाच डाव." फेरी पूर्ण झाली की प्रत्येकाचे ब्लाइंड सारखेच भरून होतात, त्यामुळे एकावर बिग ब्लाइंड पडला आणि दुसऱ्यावर नाही असं होत नाही. डाव मोजून ठरलेले असल्यानं आघाडीवरच्याला वेळ काढत बसण्यातही अर्थ उरत नाही. पाचवा डाव संपला की चिप्स मोजायच्या आणि ढिगाच्या उतरत्या क्रमानं स्थानं द्यायची. दोघांच्या चिप्स अगदी सारख्या निघाल्या तर दोघांना ते स्थान आणि गुण अर्धे अर्धे.

लवकर गेलेल्यांना निकाल त्याच रात्री कळवा. त्यांच्या चिप्स कुठल्या पातळीपर्यंत टिकल्या आणि त्यांना कितवं स्थान मिळालं, तेही त्यात लिहा. बाळाचा ताप उतरला का, हे मात्र निकालाच्या आधी विचारा.